डबा जेवणाचा, फोन स्टीलच्या डब्यासाठी: कीवर्ड मॅच टाइप नेमका कसा निवडायचा?

जून-जुलै हा पुण्यातल्या मेसवाल्यांचा हंगाम. लातूर, नांदेड, जळगावहून मुलं शिकायला येतात, कर्वेनगर, नऱ्हे, बिबवेवाडीत खोल्या घेतात आणि सामान लावून होण्याआधीच जेवणाची सोय शोधू लागतात. शोधतात अर्थातच मोबाइलवर. म्हणून घरगुती डबे देणाऱ्या ताईंपासून अभ्यासिका चालवणाऱ्या दादांपर्यंत अनेकांनी आता गूगलवर जाहिरात देऊन पाहिलेली असते. तक्रारही बहुधा एकच ऐकू येते: पैसे गेले, फोनही आले, पण भलत्यांचेच. आपण घरचं जेवण द्यायला बसलोय आणि पलीकडचा माणूस विचारतोय, "तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा केवढ्याला पडेल?"

यात जाहिरातीच्या मजकुराचा दोष क्वचितच असतो. गडबड त्याआधीच्या एका छोट्या निवडीत होते, जी अनेकांनी कधी केलेलीच नसते. त्या निवडीचं नाव मॅच टाइप: तुम्ही दिलेला शब्द लोकांच्या शोधाशी किती काटेकोरपणे जुळवायचा, हे ठरवणारी निवड. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर गूगल स्वतःहून सगळ्यांत सैल प्रकार धरतं. शिवाय गेली काही वर्षं खात्यात सूचना झळकत असतात की सगळे शब्द त्या सैल प्रकारात न्या. २०२५ मध्ये आलेली 'एआय मॅक्स' ही सोय तर चालू केली, की घट्ट ठेवलेले शब्दही सैल शब्दांसारखे पसरतात. ऐकायचं का हे? उत्तर प्रत्येकासाठी सारखं नाही, आणि ते का नाही हे समजलं की बाकीचं तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

शब्द तुमचा, शोध गिऱ्हाइकाचा

दोन गोष्टी आधी वेगळ्या करू. तुम्ही खात्यात जो शब्द किंवा शब्दसमूह नोंदवता, तो कीवर्ड. माणूस शोधपट्टीत जे प्रत्यक्ष टाइप करतो, ती सर्च टर्म. तिला आपण इथे नुसतं 'शोध' म्हणू. तुमचा कीवर्ड 'डबा पुणे' असेल. गिऱ्हाईक लिहितं 'कोथरूडमध्ये घरगुती जेवण पोहोच'. ही दोन्ही एकच मागणी आहे असं मानायचं का, हे मॅच टाइपवरून ठरतं.

जुळलं असं ठरलं की त्या शोधापुरता एक लिलाव होतो. तुमची बोली (एका क्लिकला किती द्यायची तयारी आहे), जाहिरातीचा दर्जा, क्लिक केल्यावर उघडणारं तुमचं पान त्या शोधाला किती उपयोगी आहे, हे सगळं बघून जाहिरात दाखवायची की नाही आणि कितव्या जागी, हे ठरतं. सर्च जाहिरातीत पैसे सहसा क्लिक झाल्यावरच कापले जातात. जाहिरात नुसती दिसली तर फुकट. क्लिक करणाऱ्यानं नंतर डबा लावला की नाही, याच्याशी बिलाचा संबंध नाही.

काकूंना काय सांगायचं

वधूवर सूचक केंद्रात नाव नोंदवायला गेलात असं समजा. टेबलापलीकडे फायलींचा ढीग आणि चष्म्यावरून बघणाऱ्या काकू.

त्यांना तुम्ही सांगू शकता, "पुण्यातला इंजिनिअर. बस्स." काकू तेवढीच स्थळं काढतील. कुणी 'अभियंता' लिहिलं असेल किंवा 'पुणे' ऐवजी 'पुण्यनगरी', तरी काकूंना ते कळतं. हा एक्झॅक्ट मॅच. किंवा म्हणाल, "पुण्यातला इंजिनिअर असावा, बाकी काहीही चालेल." मग पुण्यातला इंजिनिअर गाणारा असेल, स्वतःचा फ्लॅट असलेला असेल, दुसरेपणाचा असेल, सगळे समोर येतील. हा फ्रेज मॅच. आणि तिसरं, "काकू, तुम्हाला अंदाज आलाच असेल, बघा एखादं चांगलं स्थळ." हा ब्रॉड मॅच. आता काकू तुमच्या घरच्यांच्या बोलण्यावरून, मागे कोणत्या फायली तुम्ही चाळल्या त्यावरून ठोकताळे बांधणार. कधी असं स्थळ काढतील की तुम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं. कधी थेट नागपूरचा कंत्राटदार.

फक्त एक लक्षात ठेवा. या काकू लग्न जमल्यावर फी घेत नाहीत. प्रत्येक कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाची घेतात.

आता हेच खऱ्या खात्यात. कीवर्ड नुसताच लिहिला, डबा पुणे, की तो ब्रॉड. अवतरणचिन्हांत लिहिला, "डबा पुणे", की फ्रेज. चौकटी कंसात, [डबा पुणे], की एक्झॅक्ट. ब्रॉडमध्ये तुमचा एकही शब्द नसलेला शोधही जुळू शकतो. त्यासाठी गूगल त्या माणसाचे अलीकडचे शोध, तुमच्या पानावरचा मजकूर आणि त्याच जाहिरात-गटात ठेवलेले तुमचे इतर कीवर्ड विचारात घेतं. फ्रेजमध्ये तुमच्या कीवर्डचा अर्थ शोधात असावा लागतो. पुढेमागे आणखी शब्द आले तरी चालतात, आणि अर्थ बदलणार असेल तर शब्दांचा क्रमही पाहिला जातो. टॅक्सीवाल्याला हे फार महत्त्वाचं. 'पुण्याहून मुंबई' आणि 'मुंबईहून पुणे' यांत तेच शब्द आहेत, गाडी मात्र चुकीच्या शहरात उभी राहील.

एक्झॅक्ट आता कितपत एक्झॅक्ट?

पूर्वी एक्झॅक्ट म्हणजे अक्षरशः तेच शब्द. कुणी तसं शिकून बसलं असेल तर ते ज्ञान आता जुनं झालंय. २०१२ पासून अनेकवचनं, चुकीची स्पेलिंगं असले जवळचे प्रकार एक्झॅक्ट आणि फ्रेजमध्ये जुळवले जाऊ लागले, २०१४ मध्ये ते बंद करण्याची सोयही गेली. २०१७ मध्ये शब्दांची अदलाबदल आणि छोट्या जोडशब्दांकडे काणाडोळा आला. २०१८ मध्ये, म्हणजे गूगलच्या या जाहिरात सेवेचं ॲडवर्ड्स हे नाव बदलून गूगल ॲड्स झालं त्याच वर्षी, 'अर्थ सारखा असला की पुरे' हा नियम एक्झॅक्टला लागला. पुढच्या वर्षी तो फ्रेजलाही लागला. मधला एक चौथा प्रकार होता, शब्दाआधी अधिकचं चिन्ह लावायचा. २०२१ मध्ये तो फ्रेजमध्ये विलीन झाला. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत ते अधिकचं चिन्ह दिसलं, तर व्हिडिओ बंद करा.

या सगळ्या बदलांची दिशा एकच आहे: जाहिरातदाराच्या हातातला दोर ढिला होत गेला आणि अंदाज बांधायचं काम यंत्राकडे सरकत गेलं. यात निव्वळ लबाडी आहे असं मला वाटत नाही. गूगलच सांगतं की रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात. असे शोध कुठल्याही यादीत आधीपासून लिहून ठेवता येणार नाहीत. आणि मराठी माणूस एकाच गोष्टीला मेस, खानावळ, डबा, टिफिन, घरगुती जेवण अशी पाच नावं देतो, ती दोन लिप्यांत लिहितो, वर शुद्धलेखन ज्याचं त्याचं. अंदाज बांधणारं कुणीतरी हवंच. वाद एवढाच की त्या अंदाजाचा खर्च कुणी सोसायचा.

'हे मात्र नको' ही यादी जास्त महत्त्वाची

माझ्या मते छोट्या जाहिरातदाराचे सर्वाधिक पैसे वाचवते ती निगेटिव्ह कीवर्डची यादी. निगेटिव्ह कीवर्ड म्हणजे ज्या शोधावर आपली जाहिरात दिसूच नये असा शब्द. काकूंना "परदेशातली स्थळं दाखवूच नका" असं बजावून ठेवण्यासारखं.

'डबा' हा एक शब्द घेऊन बसा, म्हणजे या यादीची गरज कळेल. स्टीलचा डबा. एअरटाइट डबा. रेल्वेचा डबा आणि तो फलाटावर कुठे येतो. शाळेच्या डब्यासाठी झटपट रेसिपी. मुंबईचे डबेवाले, ज्यांच्यावर शाळेतला प्रकल्प करायचाय. डब्याचा व्यवसाय कसा सुरू करावा, म्हणजे तुमचा उद्याचा प्रतिस्पर्धीच. शिवाय डबा ट्रेडिंग, म्हणजे शेअर बाजाराबाहेर चालणारी बेकायदा सट्टेबाजी. यातला प्रत्येक जण तुमच्या जाहिरातीवर चुकून क्लिक करू शकतो, आणि यातला एकही माणूस महिन्याचा डबा लावणार नाही.

इथे एक मेख आहे. निगेटिव्ह कीवर्ड साध्या कीवर्डसारखा लवचीक नसतो. २०२४ पासून तो चुकीची स्पेलिंगं ओळखतो, पण समानार्थी शब्द आणि अनेकवचन ओळखत नाही. इंग्रजीत हे एक 'एस' लावून भागतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'स्टील' नको म्हणालात म्हणून 'स्टीलचा', 'स्टीलचे' हे शोध अडतील असं धरून चालू नका. ते निराळे शब्द म्हणून निराळे लिहा. 'रेसिपी' आणि 'रेसिपीज' दोन्ही. शिवाय हे सगळं रोमन लिपीतही, कारण पुण्यातला विद्यार्थी मराठी बोलत असला तरी टाइप बहुधा रोमनमध्ये करतो. काम कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं आहे.

निगेटिव्हलाही ब्रॉड, फ्रेज, एक्झॅक्ट असे प्रकार असतात आणि त्यांचे अर्थ थोडे वेगळे आहेत. ब्रॉड निगेटिव्हमध्ये तुम्ही लिहिलेले सगळे शब्द शोधात असले, कुठल्याही क्रमानं, तरच जाहिरात अडते. म्हणून 'स्टील डबा रेसिपी' असं एकाच ओळीत लिहिलंत तर काहीच अडणार नाही. असा शोध करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. एका ओळीत एकच 'नको' शब्द लिहा.

लातूरचे बाबा आणि कोथरूडचा नळ

मॅच टाइपइतकीच गफलत ठिकाणाच्या सेटिंगमध्ये होते, आणि दोन्ही मिळून नुकसान करतात. 'पुणे' निवडलंत की सुरुवातीला गूगल पुण्यात असलेल्यांना तर जाहिरात दाखवतंच, पण पुण्यात रस असलेल्यांनाही दाखवतं, मग ते कुठेही असोत. प्लंबरला हे निरुपयोगी: नळ कोथरूडला गळतोय, माणूसही कोथरूडलाच असणार. त्यानं 'ठिकाणी उपस्थित असलेले' एवढंच निवडावं. मेसवालीला मात्र लातूरमध्ये बसून मुलासाठी पुण्यातली मेस शोधणारे बाबा हवेच आहेत. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ तेच देणार. तिनं मूळ सेटिंग राहू द्यावं आणि कीवर्डमध्ये पुण्याचं किंवा पेठेचं, उपनगराचं नाव आवर्जून घालावं. एकाच शहरातले दोन धंदे, आणि सल्ला उलटा.

भाषेचं म्हणाल तर गूगल तुमचे कीवर्ड आपणहून भाषांतरित करून देईल या भरवशावर राहू नये. देवनागरीतला गट वेगळा, रोमनमधला वेगळा ठेवलात तर कुठून गिऱ्हाईक येतंय हे तरी दिसतं.

"पण गूगलचे लोक म्हणतात ब्रॉडच घ्या"

म्हणतात, आणि नेहमीच चुकीचं म्हणतात असं नाही. त्यांची अट मात्र सोबत ऐकायला हवी: ब्रॉड घ्यायचा तर स्मार्ट बिडिंगबरोबर. स्मार्ट बिडिंग म्हणजे प्रत्येक लिलावात किती बोली लावायची हे यंत्रानं ठरवणं. ते ठरवतं कन्व्हर्जनवरून. कन्व्हर्जन म्हणजे तुम्ही 'हे झालं की माझं काम झालं' म्हणून नोंदवलेली कृती: फोन, फॉर्म, पैसे भरणं, जे असेल ते. कुठल्या शोधातून कन्व्हर्जन येतात हे बघत यंत्र ब्रॉडचा पसारा हळूहळू आवरतं.

हिशेब करून बघू. आकडे फक्त उदाहरणाचे. रोजचे ५०० रुपये, एका क्लिकला २५, म्हणजे दिवसाला २० क्लिक, महिन्याला ६००. शंभरातल्या दोघांनी डबा लावला तर महिन्याला १२ गिऱ्हाइकं. यंत्राला शिकायला १२ उदाहरणं. तेवढ्यावरून 'कोण डबा लावतो आणि कोण नाही' हे शिकायचं म्हणजे अवघडच. देशभर विमा विकणाऱ्या कंपनीकडे इतक्या नोंदी सकाळच्या चहापर्यंत जमत असतील. त्यांना दिलेला सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही, एवढंच.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बहुतेक छोट्या खात्यांत कन्व्हर्जन म्हणून 'फोनचं बटण दाबलं' हीच कृती नोंदवलेली असते. मग स्टीलच्या डब्याची चौकशी करणाऱ्याचा फोनही यंत्राच्या दृष्टीनं यशच! यंत्र प्रामाणिकपणे धडा घेतं: असली माणसं यांना हवीत, आणखी आणू. दर महिन्याला 'कन्व्हर्जन' वाढतात, दर फोनचा खर्च कमी होतो, आलेख छान वर जातो आणि डबे तेवढेच राहतात. काकूंना पाच-सहा वेळा "कार्यक्रम छान झाला" म्हणत राहिलात आणि नकार मात्र घरीच ठेवलात, तर त्या तसलीच स्थळं आणत राहणार.

म्हणून ब्रॉडकडे जाण्याआधी मोजमाप सुधारायला हवं. फोनसाठी किमान कालावधीची अट घालता येते, म्हणजे ठरावीक सेकंदांपेक्षा लांब चाललेलाच फोन मोजला जाईल. त्याहून चांगलं म्हणजे ज्यांनी खरोखर पैसे भरले त्यांची नोंद नंतर खात्यात चढवणं. तशी सोय आहे. हे केलं, महिन्याला पुरेशा खऱ्या नोंदी जमू लागल्या, की ब्रॉड चालू करून पाहायला हरकत नाही. तेव्हा तो न सुचलेली स्थळं खरंच आणतो.

"मग सगळं एक्झॅक्टमध्येच ठेवलं तर?"

चालेल, पण जाहिरात कमी दिसेल. फारच नेमका कीवर्ड, उदाहरणार्थ [कर्वेनगर जैन घरगुती डबा रात्रीचा], कुणी शोधतच नसेल, तर गूगल त्याला कमी शोधांचा म्हणून निष्क्रिय करून ठेवतं. तो पुन्हा जागा होईपर्यंत यादीत नुसता बसून राहतो. एक्झॅक्टमध्ये लोक खरोखर वापरतात तेच शब्द घालायला हवेत. ते शब्द कळायचे कसे? फ्रेज चालवून. मी सुरुवात करणाऱ्याला हेच सुचवेन: तीन-चार शब्दांचे फ्रेज कीवर्ड, वर सांगितलेली 'नको' यादी, आणि दर आठवड्याला सर्च टर्म रिपोर्ट. कोणत्या शोधावर आपली जाहिरात दिसली आणि क्लिक झाली, ते त्यात असतं. जे शोध गिऱ्हाईक देतात ते एक्झॅक्टमध्ये उचला. जे पैसे खातात ते निगेटिव्हमध्ये टाका. एकट्या शब्दाचा कीवर्ड, नुसतं 'डबा', नुसतं 'क्लास', सुरुवातीला कुठल्याच प्रकारात नको.

या रिपोर्टमध्ये सगळे शोध दिसतील असं मात्र समजू नका. सप्टेंबर २०२० पासून गूगल पुरेशा लोकांनी केलेलेच शोध नावानिशी दाखवतं. उरलेले 'इतर' म्हणून एका बेरजेत जातात. छोट्या खात्यात ही बेरीज मोठी असू शकते. कुठल्या शब्दावर पैसे गेले हे काही अंशी कधीच कळत नाही. ब्रॉडमध्ये ही अंधारी बाजू जास्त टोचते, कारण तिथे भरकटायला जागाही जास्त असते.

"समोरच्या क्लासचं नाव कीवर्ड म्हणून टाकलं तर?"

सदाशिव पेठेत हा प्रश्न हमखास येतो. गूगलचं धोरण दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरायला सरसकट मनाई करत नाही. जाहिरातीच्या मजकुरात तो वापरण्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या खटल्यात म्हटलं की ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून वापरणं हा कायद्याच्या अर्थानं 'वापर' आहे. मात्र लोकांचा गोंधळ होत नसेल, तर तेवढ्यावरून उल्लंघन ठरत नाही. आणि गूगललाही निव्वळ मध्यस्थ म्हणून दर वेळी हात झटकता येणार नाहीत.

मॅच टाइपशी याचा संबंध असा, की ब्रॉडमध्ये तुम्ही ते नाव टाकलेलं नसतानाही तुमची जाहिरात त्या नावाच्या शोधावर दिसू शकते. शेजाऱ्याशी संबंध बिघडवायचे नसतील तर त्याचं नाव निगेटिव्हमध्ये घाला. तसंही, विशिष्ट सरांचाच क्लास शोधणारा विद्यार्थी तुमच्या पानावर येऊन पाच सेकंदांत मागे फिरतो, आणि क्लिकचे पैसे तुमचेच जातात.

चालू करण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिलं खर्चाचं. रोजचं बजेट ५०० लिहिलं तरी एखाद्या दिवशी गूगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पट. वर १८ टक्के जीएसटी. सैल कीवर्ड आणि गर्दीचा जून एकत्र आले की दुप्पट खर्चाचे दिवस लागोपाठ येऊ शकतात, म्हणून त्या आठवड्यांत रिपोर्ट रोज पाहावा.

दुसरं 'शिफारशी' या पानाचं. तिथे शिफारशी आपोआप लागू करण्याची एक सोय असते, आणि तिच्या यादीत ब्रॉड मॅचचे कीवर्ड वाढवणं हेही येतं. खातं दुसऱ्या कुणी उघडून दिलं असेल, तर तिथली खूण कुणीतरी आधीच केलेली असू शकते. ती आहे का ते आजच बघा, आणि असेल तर काढा. शिफारस पटली तर ती हातानं लागू करायला एक मिनिटही लागत नाही.